‘छानच की,’ ब्रेंडा म्हणाली

क्लेदरबी, लँकशर
६ एप्रिल

प्रिय हेदर,

तुझं पत्र पोचलं. खोली खालच्या मजल्यावर आहे, भिंतींना फिका निळा रंग दिलाय, न्हाणीघर लागूनच आहे, हे सगळं वाचलं. मेअखेरपर्यंत हो की नाही ते कळवा, नाहीतर खोली जावईबापू डगच्या कामाला जाईल, हेही वाचलं. ‘ही शेवटची विचारणा’ या शब्दांखाली तू दोन रेघा ओढल्यायस. तुझ्या आईलाही ती सवय होती. वाणसामानाच्या यादीत ती ‘लोणी’च्या खाली ओढायची, कारण मी विसरायचो.

विचार करतोय. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणूस खुर्चीतून उठायचं म्हटलं तरी विचार करतो, हे तर न्यूझीलंड आहे. आणि तू तिथे बसून माझं घर, माझे गुडघे आणि माझा जिना चालवतेस, याला आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. हे फोनवर बोललो असतो तर तू आतापर्यंत फोन आपटला असतास. फोनवर आपलं तीन मिनिटांत वाजतं, म्हणून पत्रच बरं.

इथे मात्र लढाई पेटलीये. नगरपालिकेने ठरवलंय की कचऱ्याचे डबे आता दोनऐवजी तीन आठवड्यांनी उचलायचे. रेडिओ क्लेदरबीवर सकाळच्या न्याहारीच्या कार्यक्रमात चार दिवस दुसरा विषय नाही. इम्तियाज आणि सँड्रा चालवतात तो. इम्तियाज म्हणजे बाजारातल्या अन्वर टेलरचा धाकटा, शाळेत तुझ्या मागे होता. आता अख्ख्या गावाला तोच उठवतो. सँड्रा लहानथोर सगळ्यांना ‘राजा’ म्हणते, परवा बिशपलाही म्हणाली.

मंगळवारी मला राहवलं नाही. फोन लावला.

“मिल लेनवरून विल्फ आहेत,” इम्तियाज म्हणाला. “विल्फ, तुम्ही तर नगरपालिकेतच जन्म काढलात. घरचे भेदी म्हणू का?”

“भेदी नाही,” मी म्हटलं. “पण ज्यांनी हा ठराव केला त्यांच्या घरात तान्हं मूल नाही आणि मांजरही नाही, हे छातीठोक सांगतो.”

“तुमच्या घरात आहे का, राजा?” सँड्राने विचारलं.

“नाही. पण तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तुमचा डबा किती भरतो?”

“तळाशी एक पिशवी असते.”

“मग भांडताय कशासाठी?”

“भांडायला डबा भरलेला कशाला लागतो?”

दोघंही हसले आणि मग त्यांनी रेल्वेच्या बातम्या लावल्या. गाड्या रद्द होत्या, म्हणजे नेहमीचंच. नंतर मी बागेत गेलो तर शेजारची ब्रेंडा हॅलिवेल भिंतीपलीकडून म्हणाली, “ऐकलं मी. छान बोललात.” ब्रेंडा तुला आठवेल. आईच्या अंत्यविधीला काकडीची सँडविचेस आणणारी, हिरव्या कोटातली. दंतवैद्याच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची, त्यामुळे तिला सगळ्या गावाचे दात माहीत आहेत. तिचा नवरा इथे राहायला यायच्या आधीच गेला.

कपडे वाळत घालायचेत, थांबतो. डगला विचारलं म्हणून सांग.

डॅड


२१ एप्रिल

प्रिय हेदर,

तुझं कार्ड मिळालं. ‘डबे नकोत, उत्तर हवं.’ आजीच्या पुढची निघालीस तू.

उत्तराकडेच येतोय. पण आधी रुबार्ब. यंदा तो जोरात आलाय, तुझी आई साखर घालून शिजवायची तसे लाल लाल आंबट देठ, हाताच्या पंजाएवढी पानं. मला तो खायला बंदी आहे, मुतखडा झाला तेव्हापासून डॉक्टरांनी नावच टाकायला लावलंय. तरी मी दर थंडीत त्याच्यावर बादली पालथी घालतो, घोड्याची लीद आणून घालतो, गोगलगायी वेचतो. हे सगळं ब्रेंडासाठी. नऊ वर्षांपूर्वी ती इथे राहायला आली तेव्हा तुझ्या आईने भिंतीवरून तिला रुबार्बची जुडी दिली होती. “छानच की,” ब्रेंडा म्हणाली होती, “मला फार आवडतो.” मग दर वर्षी जुडी जाऊ लागली. आई गेली, मी तेच पुढे चालू ठेवलं. हंगामात दर शनिवारी सकाळी मी दोरीने जुडी बांधतो आणि भिंतीशी जातो. ती हातातला चहाचा कप घेऊनच येते. आम्ही बोलतो. रेडिओवर काय झालं, लोण्याचा भाव कुठे गेला, हायस्ट्रीटवरच्या खड्ड्यात कुणी पिवळे डॅफोडिल लावले आणि नगरपालिकेने खड्डा सोडून ते डॅफोडिल कसे हटवले. तिचा चहा गार होतो. मग ती म्हणते, “बघा, चहा गार झाला,” आणि आत जाते.

गेल्या शनिवारी मी तिला सांगितलं. म्हटलं, “हेदर बोलावतेय. कायमचं.”

ती जुडीची दोरी बघत होती. “न्यूझीलंडला?”

“हो. खोलीही रंगवून झालीये.”

“छानच की,” ब्रेंडा म्हणाली. “तिकडची हवा चांगली असते म्हणतात.”

“म्हणतात खरं.”

“आणि मुलगी जवळ.”

“हो, तेही आहेच.”

“छानच की,” ती पुन्हा म्हणाली आणि चहा गार व्हायच्या आत घरात गेली.

तिने दुसरं काय म्हणायला हवं होतं, हे मला सांगता येणार नाही. शेजारीण आहे, नातं ना गोतं. तरी मला वाईट वाटलं. तुझ्यापासून लपवायचं म्हणून मी आधी रुबार्ब आणि डॅफोडिल लिहिलं, पण वाईट वाटलं ते वाटलंच. घरात येऊन मी चहात दोनदा साखर घातली आणि तसाच प्यायलो.

उत्तर लवकरच देतो.

डॅड


३ मे

प्रिय हेदर,

येतो.

तुला हवं होतं ना, एका शब्दात? घे.

घर विकून देणारा एजंट शुक्रवारी सकाळी दहाला येतोय, मोजमापं घ्यायला. त्याचा नंबर ब्रेंडानेच दिला. तिच्या भाच्याच्या ओळखीतला आहे. “माणूस चांगला आहे, भावही चांगला आणेल,” म्हणाली. याहून स्पष्ट काय असतं? हातच्या काकणाला आरसा कशाला? मी उगीच मनात काहीबाही घेऊन बसलो होतो, ते आता नाही.

तुझी आई असती तर म्हणाली असती, विल्फ, तोंड पाडून बसू नकोस, चहा टाक. टाकलाय.

तिचं शिवणयंत्र तुला हवंय का ते कळव. आणि तिथे नळाचं पाणी जड असतं का हलकं, तेही. चहाचा प्रश्न आहे.

डॅड


१० मे

प्रिय हेदर,

हे पत्र बसून वाच. डगलाही वाचायला दे, म्हणजे तुला पुन्हा सांगावं लागणार नाही.

काल शुक्रवार. एजंट दहाला यायचा होता म्हणून मी लवकर आवरलं, दाढी केली, टोस्टवर मार्मालेड लावलं आणि रेडिओ लावला. सँड्रा म्हणाली, “आजचा आमचा प्रश्न. मनात नसताना तुम्ही कोणत्या गोष्टीला ‘छान’ म्हणत आलात?”

फोनची रांग लागली. आपल्या लोकांना रांग लावायला निमित्तच हवं असतं. ब्रुक स्ट्रीटवरचा एकजण म्हणाला, सासूबाई दर नाताळात स्वेटर विणून देतात, त्याच्या दोन्ही बाह्या कधी सारख्या नसतात, आणि तो दर नाताळात फोटो काढून घेतो. मग एक बाई आल्या.

“माझे केस कापणारी मला कायम जॅनेट म्हणते,” बाई म्हणाल्या. “माझं नाव रूथ आहे.”

“मग सांगितलं का नाहीत, राजा?”

“पहिल्या दिवशी भीड पडली. आता कसं सांगू? तिच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आलंय, जॅनेटला.”

“जाणार का?”

“जाणार ना. आहेर घेतलाय.”

मी इतका हसलो की टोस्ट खाली पडला, मार्मालेडची बाजू फरशीवर. तो पुसत होतो तेवढ्यात इम्तियाज म्हणाला, “पुढच्या बाई नाव सांगायला तयार नाहीत.”

“माझे एक शेजारी आहेत,” बाई म्हणाल्या. “दर वर्षी मला भिंतीवरून रुबार्ब देतात.”

मी फडकं हातात घेऊन तसाच ओणवा राहिलो.

“आणि तुम्हाला तो आवडत नाही,” सँड्रा म्हणाली.

“मला तो बघवतसुद्धा नाही. लहानपणी शाळेत सक्तीने खायला घालायचे, कस्टर्डबरोबर. नऊ वर्षं झाली, मी ‘छानच की’ म्हणतेय.”

“मग करता काय त्याचं?”

“खताच्या ढिगावर घालते. गुलाबांना मानवतो.”

“अहो, मग एकदा नको म्हणून टाका,” इम्तियाज म्हणाला.

“नको कसं म्हणू? ते जुडी घेऊन भिंतीशी येतात. म्हणून मलाही भिंतीशी जाता येतं. नको म्हटलं तर कशाला जाऊ?”

“म्हणजे रुबार्ब नकोय,” सँड्रा म्हणाली, “पण शेजारी हवेत.”

“मी असं म्हटलेलं नाही,” बाई म्हणाल्या.

हेदर, खोटं कशाला बोलू, आधी मला राग आला. नऊ वर्षं मी लिदीची पोती वाहिली. पावसात गोगलगायी वेचल्या. दर जूनमध्ये तिच्या गुलाबांचं कौतुक केलं, आणि ते माझ्याच रुबार्बवर पोसलेले. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे किती लपवायचं? मी फडकं मोरीत फेकलं आणि खुर्चीत बसलो.

मग बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं. जी बाई नऊ वर्षं रुबार्बला ‘छानच की’ म्हणते, तिने न्यूझीलंडलाही ‘छानच की’ म्हटलं होतं. त्याच भिंतीशी, त्याच आवाजात, हातात तीच जुडी घेऊन.

फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी लागला.

“मिल लेनवरचे विल्फ,” इम्तियाज म्हणाला. “विल्फ, आज डब्यांचं काय?”

“डब्यांचं नाही. रुबार्बचं बोलायचंय.”

मग सँड्रा अगदी हळू म्हणाली, “बाई अजून लाइनवर आहेत. विल्फ, राजा, तेवढा रेडिओ बारीक करा.”

मी रेडिओ बारीक केला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची खिडकी दिसते, तुला माहीतच आहे. ती पाठमोरी उभी होती, फोन कानाला.

“ब्रेंडा,” मी म्हटलं. तिने नाव लपवलेलं माझ्या ध्यानातच राहिलं नाही. आता सगळ्या गावाला ते कळलंय.

“विल्फ.”

“मला रुबार्ब खायला बंदी आहे. खडा झाल्यापासून.”

“मग लावता कशाला?”

“तुम्हाला आवडतो म्हणून.”

तिकडे कुणाला तरी चहाचा ठसका लागला. बहुतेक इम्तियाजला.

“आणि न्यूझीलंड?” मी विचारलं.

“न्यूझीलंडचं काय?”

“तेही छानच का?”

रेडिओवाल्यांना शांततेची फार धास्ती असते. इम्तियाज तर श्वास घ्यायलाही जागा ठेवत नाही. पण तोही गप्प राहिला. टोस्ट, अंडी, शाळेचे डबे सोडून सगळं गाव गप्प बसलं होतं असं मला आज बाजारात तिघांनी सांगितलं. ब्रेंडा वळली आणि खिडकीतून माझ्याकडे बघू लागली.

“नाही,” ती म्हणाली. “अजिबात छान नाही. ऐकल्यापासून मला धड जेवण जात नाही. आणि त्या एजंटचा नंबर मी का दिला, ते माझं मलाच कळत नाही.”

“आता हवामान,” इम्तियाज म्हणाला.

“हवामान जाऊ दे खड्ड्यात,” सँड्रा म्हणाली.

मी फोन ठेवला आणि मागच्या दाराने बाहेर गेलो. तीही आली होती, चपलाही न घालता. भिंत मध्ये होती. ती म्हणाली, “घोड्याची लीद खरंच घालायचात?” मी म्हटलं, “खरंच.” मग ती हसू लागली आणि हसता हसता रडली. मी भिंतीवरून हात पुढे केला. तिने तो धरला आणि बराच वेळ सोडला नाही. समोरच्या घरातले पडदे हलत होते. हलू देत.

एजंट दहाला आला. त्याने टेप खिशातून काढलीच नाही. “गाडीत ऐकलं मी,” म्हणाला. “उतरणारच नव्हतो, पण म्हटलं, चहा मिळेल.” त्याला चहा दिला. घराचा भाव काढायचा राहून गेला.

तेव्हा हेदर, मी कायमचा येत नाही. गेल्या पत्रातला ‘येतो’ मागे घेतो. कुणीतरी मला घट्ट धरून ठेवावं असं वाटत होतं आणि तू ठेवत होतीस, म्हणून तो लिहिला होता. पण मला इथेही कुणी धरून ठेवलंय, हे काल कळलं, आणि मला ते हवंय.

आता तुला विचारतो. तू याच गावात वाढलीस, ‘या’ म्हणायला तुलाही शिकवलेलं आहे. मला बोलावलंस ते मनापासून, की बाप एकटा पडला, लोक काय म्हणतील म्हणून? काहीही असलं तरी मी रागावणार नाही. पण खरं लिही. भीड ही भिकेची बहीण, हे मी आता पुरतं शिकलोय.

डॅड


२८ मे

प्रिय हेदर,

तुझं पत्र काल आलं. मी ते आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

‘विचारलंत म्हणून सांगते. भिडेखातर नाही बोलावलं. मला तुम्ही हवे होतात. मी रागावलेय आणि आणखी महिनाभर रागावलेली राहणार आहे.’ रागाव. तुझा हक्कच आहे. महिना कमी पडला तर वाढव.

पण पुढचं वाचलं आणि मला रडू आलं. हे सरळ लिहून टाकतो, लपवायला वेळ आहे कुणाला. आई गेल्यापासून तू तिथे रोज संध्याकाळी रेडिओ क्लेदरबी लावतेस. आमची न्याहारी ती तुमची रात्रीच्या जेवणाची वेळ. बटाटे सोलता सोलता तू ऐकतेस, मी फोन करतो का ते. ‘फोनवर तुम्ही मला उलट बोलता. रेडिओवर उलट बोलता येत नाही. नुसता आवाज ऐकता येतो.’

म्हणजे मी डब्यांवर बोलत होतो तेव्हा माझी मुलगी जगाच्या दुसऱ्या टोकाला सुरी खाली ठेवून ऐकत होती, आणि रुबार्बचंही तिने माझ्या पत्राआधीच ऐकलं होतं. माहीत असतं तर दोन शब्द बरे बोललो असतो. निदान तळाशी एकच पिशवी असते हे तरी सांगितलं नसतं. हेदर, मला तुझी रोज आठवण येते. तुझ्या भांडणाचीसुद्धा. हे मी तुला आजवर कधी म्हटलं नाही, कारण आपल्या घरात कुणी कुणाला असं म्हणायचं नाही. तू लिहिलंस म्हणून मलाही लिहिता आलं.

इथलं सांगायचं तर शनिवारी मी आता रिकाम्या हाताने भिंतीशी जातो. बाजारात लोक मला थांबवून रुबार्बच्या पाककृती सांगतात, वात आणलाय. केस कापणारीला रूथबाईंनी अजून खरं सांगितलेलं नाही. इम्तियाजने लग्नाच्या दिवशी त्यांना फोन करायचं ठरवलंय. डबे तीन आठवड्यांनीच उचलणार, ठराव कायम राहिला. मी हरलो.

नाताळात तुझ्याकडे येतो, महिनाभर. तिकीट काढतोय. निळी खोली डगला देऊन टाक, मला बैठकीतला सोफा चालेल. गुडघ्यांचं नाव काढायचं नाही, एवढी एकच अट आहे.

ब्रेंडालाही विचारलं, चलता का म्हणून. ती आमच्या मोरीशी उभी राहून बशा पुसत होती.

“नको,” म्हणाली. असं सरळ. “विमानात माझे पाय सुजतात. आणि तुमच्या मुलीला मी आत्ता डोळ्यांसमोरही नको असेन.”

“असेलही,” मी म्हटलं.

“तुम्ही मात्र जा. बाप आहात तिचे.” ती एक पुसलेली बशी पुन्हा पुसत राहिली. “पण परत या.”

हेदर, एवढं सरळ मला या गावात आजवर कुणी काही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, येईन. तुलाही तेच सांगतो. येईन.

तुझा,
डॅड